कारणाचा रकाना

तायडे बाई भेटल्या की "कशी आहेस" असं कधी विचारायच्या नाहीत. सरळ मनगट धरायच्या. बसस्टँडवर, भाजीबाजारात, कुणाच्या तेरवीला, कुठेही. दोन बोटं समोरच्याच्या नाडीवर आणि नजर स्वतःच्या घड्याळावर. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून बांधायच्या, म्हणजे हात न वळवता काटा दिसायचा. पंधरा सेकंद समोरच्याने तोंड उघडायचं नाही. मग ठोक्यांना चारने गुणायचं, आकडा सांगायचा, आणि त्यानंतर काय ते बोलणं. "कशी हायेस हे तोंडाले इचारू नये," त्या म्हणायच्या. "तोंड लाजते. हाताले इचाराव."

हिवरा आश्रमाजवळ एका विद्यार्थिनीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवाचा हात धरला होता. फोटोवाला थांबला, मुलीचे मामा पुढे आले, बाईंना त्याचं काही नाही. त्यांचे पंधरा सेकंद पुरे झाल्यावर त्या नवरीला म्हणाल्या, एकशे बारा आहे, भिऊन राह्यला, मानूस चांगला दिसते. अख्खा मांडव हसला. नवरदेवही हसला. त्या मुलीचा संसार सुखाचा चालू आहे आणि ती अजून सांगते, की पत्रिका नंतर जुळली, नाडी आधी.

बुलढाण्यातल्या एका मुलींच्या शाळेत बाई एकतीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. गाव सोनाळा, लग्न केलं नाही, राहायला दोन खोल्या, आणि बोलणं शेवटपर्यंत अस्सल वऱ्हाडी. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी मैदानावर जाऊन पोलीस भरतीच्या मुलींना फुकट पळवायच्या. त्या गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर पानभर मजकूर आला. क्रीडाक्षेत्राचा आधारवड कोसळला वगैरे. खाली एक ओळ होती: वृद्धापकाळाने निधन. त्रेसष्टाव्या वर्षी वृद्धापकाळ! ज्याने कुणी ती ओळ लिहिली त्याला माझ्यासमोर उभा करा, असं मला फार वाटलं. पण मग मी काय बोलले असते? खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला माझीच जीभ उचलत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

बाईंची एक लांबट वही होती, खाकी पुठ्ठ्याची. भरली की दुसरी, पण आखणी तीच. नाव, वय, पळण्याआधीची नाडी, पळाल्यावरची, दोन मिनिटांनंतरची. आणि शेवटचा रकाना कारणाचा. नाडी नेहमीपेक्षा जास्त वा कमी आली तर बाई त्या मुलीला बाजूला घ्यायच्या आणि का ते विचारून लिहायच्या. ताप. उपास. पाळी. पहाटे उठून पाणी भरलं. घरी भांडण. रमजानात माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'रोजा. आज दोनच चक्कर.' हा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना खपायचा नाही. एकदा मी "काही नाही, बाई, असंच" म्हणाले, तर म्हणाल्या, असंच काही नसते, परवीन, तुले माहीत नसंन तर तसं सांग, मंग आपन शोधू.

मुलांच्या शाळेचे खेळाचे सर त्याच मैदानावर यायचे. त्यांना ही वही म्हणजे करमणूक. एकदा ते बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, की पोरींची दोन चक्करांतच एकशे ऐंशी होते, आमच्या पोरांची तेवढ्याच पळण्याला दीडशे, तेव्हा बाईमाणसाने लिंबू-चमचा खेळावा. आम्ही माना खाली घातल्या. बाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. आम्हाला गोल करून बसवलं, मूठ दाखवली, आणि म्हणाल्या:

"पोरायचं काळीज जरा मोठं असते. एका ठोक्यात जास्त रक्त फेकते. आपलं लहान, म्हनून तेवढ्याच कामाले आपल्याले जास्त ठोके मारा लागते. याले कमजोरी नाही म्हनत, माय. याले मेहनत म्हनते."

तेव्हा मी सातवीत होते. आज माझ्या पगाराच्या कामात मला याहून जास्त काही येत नाही.

माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. मी पळते हे घरी कळलं तेव्हा अम्मीने माझे बूट उचलून माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी बाई कापडाचा तागा घेऊन दुकानात हजर. अकरा मुलींसाठी सैल पायजमे शिवायचे, घोट्याला इलास्टिक, बाह्या मनगटापर्यंत. अब्बांनी माप घेतलं आणि मग हळूच म्हणाले, की बाई, काम करून देतो, पण आमच्या मुलीचं नाव यातून काढा, लोक बोलतात. बाईंनी मशीनवरचा त्यांचा हात धरला. गिऱ्हाईक बघतंय, अब्बा कानकोंडे झालेत, आणि बाई घड्याळ बघतायत. "शहात्तर," त्या म्हणाल्या. "दिवसभर मशीन मारता म्हनून अशी झ्याक हाये, भाईजान. तुमचे पाय चालू राहू देता, मंग हिचे काऊन बंद करता?" पायजमे अब्बांनी बारा शिवले, आणि बारावा माझ्या मापाचा होता.

मी जिल्ह्याला आठशे मीटरमध्ये दुसरी आले. पुढे पोलीस भरतीला उतरले आणि उंचीत बोटभर कमी पडले. घरी येऊन आठ दिवस तोंड दाखवलं नाही. बाई आल्या, नाडी पाहिली, चहा घेतला, आणि जाताना एक कागद ठेवून गेल्या. अकोल्याला ईसीजी काढायचा कोर्स होता, त्याचा फॉर्म. तुले मोजता येते, एवढंच म्हणाल्या. त्या कोर्सवर मला इथल्या एका खासगी हार्ट क्लिनिकमध्ये नोकरी लागली. पायाखाली फिरणाऱ्या पट्ट्यावर माणसाला चालवायचं, पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत न्यायचा, आणि हृदय कसं साथ देतं ते पडद्यावर बघायचं, हे माझं काम. म्हणजे बाईंचंच काम, फक्त एसीमध्ये.

बाईंचा स्वतःचाही एक नेम होता. दर वाढदिवसाला सकाळी मोताळ्याच्या बाजूने घाटाच्या पायथ्याशी उतरायचं आणि चालत वर बुलढाण्यात यायचं. वर पोचल्याबरोबर नाडी मोजायची, वहीत लिहायची. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, की हृदयाची वरची हद्द कळते, असा एक ढोबळ हिशेब आमच्या धंद्यात चालतो. बाई तो हिशेब दरवर्षी वहीच्या पहिल्या पानावर मांडायच्या; वही बदलली की घाटाचे जुने आकडेही तिथेच उतरवून घ्यायच्या. वाढदिवसाची त्यांची गंमत तीच. "देव दरसाल एक ठोका कापून घेते," त्या म्हणायच्या. "एकच घेते पन. त्याचं काही म्हननं नाही." पन्नाशीत त्यांची घाट चढून एकशे साठ भरली होती. बासष्टाव्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस. सोबत आलेल्या पोरी धापा टाकत दगडावर बसलेल्या आणि बाई त्यांची मनगटं गोळा करत फिरतायत, असा तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

त्रेसष्टाव्या वाढदिवसाला मला जमलं नाही. तीन दिवसांनी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, बाई क्लिनिकच्या दारात उभ्या. चेहरा ठीक, बोलणं ठीक. मी हात पुढे केला, तर त्यांनी मनगट न धरता वही धरायला दिली. त्या दिवशीच्या ओळीत लिहिलं होतं: घाट माथा, तीनदा बसले, एकशे चार. कारणाच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. त्यांच्या वहीत मी पहिल्यांदाच ते पाहिलं. त्या म्हणाल्या, चढताना छाती दुखली नाही, पण जबडा आवळून आला आणि पाय जाग्यावर थांबले. जीव घाबरला, तरी नाडी वर जायला तयार नाही. मग वहीवर बोट ठेवून म्हणाल्या:

"वयानं एक नेला, परवीन. हे बाकीचे त्रेचाळीस कोनं नेले?"

आमचे मोठे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी संभाजीनगरहून येतात. त्या शनिवारी बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली असतात. आमच्याकडे बायकांच्या टेस्टची एक रीत पडून गेली आहे, ती सांगते. बाई लुगड्यात किंवा साडीत येते. ब्लाऊज काढायला तयार नसते आणि आम्हीही आग्रह धरत नाही, कारण बाहेर नवरा, दीर, सासरा उभे असतात. मग ईसीजीच्या तारांचे स्टिकर छातीवर जिथे लावायचे तिथे न लावता ब्लाऊज जिथे जागा सोडेल तिथे लावायचे. ती एका हाताने पदर धरते, दुसऱ्या हाताने दांडी, अनवाणी चार मिनिटं चालते, घाबरते, आणि मशीन बंद. हृदय हद्दीपर्यंत पोचलेलंच नसतं, म्हणजे टेस्ट झालेलीच नसते. पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये बायकांसाठी एक तयार वाक्य आहे: 'थकव्यामुळे थांबवली, बदल नाहीत.' त्याखाली ॲसिडिटीची गोळी, झोपेची गोळी आणि काळजी न करण्याचा सल्ला. हे वाक्य मी किती वेळा छापलं असेल, खुदा जाणे.

तायडे बाई बूट घालून आल्या होत्या. पडदा ओढायच्या आत कुडत्याची बटणं काढून म्हणाल्या, लाव जिथं लावाच्या तिथं, मले काय लाज हाये. नोकरीच्या इतक्या वर्षांत एका बाईचे सगळे स्टिकर मी जागच्या जागी लावले ते त्या दिवशी. त्यांनी दांडीला हात लावला नाही. त्यांचं वय धरून हद्दीच्या पंच्याऐंशी टक्के, म्हणजे एकशे तेहतीसपर्यंत तरी जायला हवं होतं. सहाव्या मिनिटाला पडद्यावर एकशे आठ होते आणि तिथेच अडकले. पट्टा चढतोय, बाई चालतायत, आकडा हलत नाही. मग त्यांचा खालचा ओठ पांढरा पडला आणि त्यांनी हात वर केला. मैदानावर आम्ही थांबायची परवानगी मागताना करायचो तसाच.

डॉक्टरांनी कागद पाहिला. रेघांमध्ये काही मोठं दिसत नव्हतं, ते खरं. नाडी कमी म्हणाल तर खेळाडूचं हृदय, ते म्हणाले, कौतुकाने म्हणाले. मॅडम, तुमच्यासारखी नाडी मला हवीय. एकट्या राहता ना, रिटायर झालात, या वयात बायकांना असं होतं. बाईंनी वही उघडून पुढे केली. त्यांनी ती चार बोटांनी बाजूला सारली, उद्धटपणे नाही, बाहेर गर्दी होती म्हणून. बाई म्हणाल्या, सर, खेळाडूची बसल्या जागी कमी असते, घाट चढताना नाही. डॉक्टर हसले आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

बाहेर मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"काऊन वं परवीन, इथं 'बदल नाहीत' लिव्हलं? एकशे तेहतीस पायजे होते. एकशे आठावरच अडकले. हे तर अधुरं हाये."

मला ते माहीत होतं. अगदी त्याच शब्दांत माहीत होतं. मी म्हणाले, "बाई, सरांनी पाहिलंय. नॉर्मल आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

हे वाक्य मी अशा दर शनिवारी दहा बायकांना म्हणते. त्याच आवाजात मी ते बाईंना म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. एखादी मुलगी शेवटच्या चक्करला मधूनच मैदान कापून आली की पाहायच्या तसं. मग वही माझ्या टेबलावर ठेवली. सरांना फुरसत असंन तवा दाखवजो, म्हणाल्या, आणि हळूहळू जिना उतरल्या. त्या दिवशी त्यांनी माझी नाडी पाहिली नाही.

त्याच शनिवारी, त्यांच्यानंतर तिसऱ्या नंबरला एक किराणा दुकानदार होते. साठीचे, पोट सुटलेलं, पाचव्या मिनिटाला दमले. तेही हद्दीपर्यंत पोचले नाहीत, त्यांच्याही रेघांत काही नव्हतं. त्यांना डॉक्टरांनी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, टेस्ट अपुरी राहिली, पुरुष माणूस, घरची जबाबदारी, धोका पत्करायचा नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्याच दुपारी संभाजीनगरला पाठवलं. तिथे हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. ते गृहस्थ आता सकाळी फिरायला जातात. दिवाळीला आम्हाला पेढे आणून देतात, मला वेगळा पुडा. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. मी तो पुडा घेते, आणि घरी नेत नाही.

वही मी ड्रॉवरमध्ये ठेवली. तिसऱ्या शनिवारी ती बाहेर काढली होती, खोटं कशाला बोलू. एकदा दारापर्यंत गेलेसुद्धा. आत डॉक्टर कुणावर तरी वैतागले होते. रिसेप्शनवरची मुलगी रजेवर, मशीनचा कागद संपलेला, आणि मला वाटलं, ते म्हणतील, टेक्निशियनने डॉक्टर होऊ नये. मागे एकदा म्हणाले होते. मी वही परत ठेवली. पुढच्या खेपेला नक्की, असं स्वतःला सांगितलं आणि डबा खाल्ला.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला बाई मैदानावर होत्या. बारा-तेरा मुली पळत होत्या. बाई लिंबाखालच्या रोलरवर बसल्या आणि म्हणाल्या, मी बसते जराशी, तुम्ही अजून एक चक्कर मारा. मुलींनी चक्कर मारली, कारण बाईंनी सांगितलेली चक्कर कुणी सोडत नसे. परत आल्या तेव्हा बाई खाली कलल्या होत्या. आणि त्या पोरींनी काय केलं असेल? जे त्यांना शिकवलं होतं ते. एकजण रिक्षा आणायला धावली, आणि पूजा नावाच्या मुलीने बाईंचं मनगट धरून बाईंच्याच घड्याळावर पंधरा सेकंद मोजले. मग पुन्हा मोजले, कारण शंका आली तर दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं असा नियम होता. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोनाळ्याहून पुतण्या आला आणि दुपारी बाईंना गावी घेऊन गेला. पूजा संध्याकाळी क्लिनिकमध्ये आली. तिच्या तळहातावर बॉलपेनने दोन आकडे लिहिलेले होते, घामाने पसरलेले. म्हणाली, ताई, वही तुमच्याकडे आहे असं बाई म्हणाल्या होत्या, हे तेवढं लिहून घ्या, मी अजून हात धुतला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी डॉक्टरांसमोर वही ठेवली. आता घाबरायला काय उरलं होतं? त्यांनी पानं उलटली. आधी भराभर, मग सावकाश. पन्नाशीपासूनचे घाटाचे आकडे एकाखाली एक वाचले. चष्मा काढून पुसला. नाडी चढत नाही हीच तर तक्रार होती यांची, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "हे मला आधी का नाही दाखवलं?"

त्यांना आठवतही नव्हतं. बाईंनी याच टेबलावर ती उघडून धरली होती, त्यांनीच बाजूला सारली होती, हे मी सांगू शकले असते. मी म्हणाले, "राहिलं, सर." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला सांगितलं. एक बाई आत आल्या, पदर घट्ट धरून. मी त्यांना पट्ट्यावर उभं केलं. ते तयार वाक्य अजून कॉम्प्युटरमध्ये आहे आणि मी अजून तिथेच नोकरीला आहे.

त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मी वहीत शेवटची ओळ भरली. नाव, विमल तायडे. वय, त्रेसष्ट. मग पूजाने आणलेले दोन्ही आकडे: सात ठोके, म्हणजे अठ्ठावीस, तीन ठोके, म्हणजे बारा. राहिला शेवटचा रकाना. तो रिकामा ठेवलेला बाईंना खपायचा नाही. मी पेन उचललं आणि त्यात लिहिलं, परवीन.